भरताचं वांगं, मलमल आणि एक खिडकी

माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवण्याआधी आठ-पंधरा दिवस भरताच्या वांग्यावर घालवावेत. जळगाव जिल्ह्यातल्या बामणोदकडचं मोठं हिरवट वांगं घ्या, काळ्या कापडावर आडवं ठेवा आणि एक खिडकी सोडून खोलीतली बाकी सगळी दारं-खिडक्या लावून घ्या. पहिला फोटो खिडकीकडे पाठ करून काढा. वांगं सपाट दिसेल, बाजारातल्या टोपलीत दिसतं तसं. वांगं जागचं न हलवता आता तुम्ही सरका, खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईपर्यंत. त्याच वांग्याला पोट येतं, कंबर येते, देठाशी मान येते. आणखी सरका, खिडकी वांग्याच्या मागे आणि जराशी बाजूला येऊ द्या. आता फक्त एक उजळ कड उरते, बाकी सगळं अंधारात जातं, आणि ती कड धरून डोळा उरलेला आकार आपला आपण पुरा करतो. शृंगारिक छायाचित्रणाचं निम्मं काम या तिसऱ्या फोटोत आहे.

मग वांग्याला बोटभर तेल चोळा. सालीवर लगेच खिडकीचं प्रतिबिंब उमटतं, गजांसकट. ही चकाकी किती मोठी, तिच्या कडा किती तीक्ष्ण, हे उजेडाच्या आकारावर ठरतं. खिडकीवर पांढरं कापड लावलं की चकाकी पसरते आणि मऊ होते; नुसता बल्ब लावला तर ती टाचणीच्या टोकाएवढी होते. माणसाच्या तेल लावलेल्या खांद्यावर हेच घडतं, फक्त तिथे ते तासभर शांतपणे न्याहाळत बसता येत नाही. म्हणून वांगं.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० साली एक ढोबळी मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. त्या फोटोत मिरचीआधी वळलेली पाठ आणि खांदे दिसतात. सहा वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याने चॅरिस विल्सनचा दारात बसलेला नग्न फोटो काढला. तिने मान खाली घातली आहे, चेहरा दिसतच नाही. दोन्हींमागे एकच नजर आहे. आपल्याकडे चाळीसगावचे केकी मूस आयुष्याची बरीच वर्षं घरातच राहून टेबलावर वस्तू मांडून फोटो काढत राहिले. त्यांचा विषय शृंगार नव्हता, पण चार वस्तू आणि एक दिवा यांतून काय काय काढता येतं हे शिकायचं असेल तर चाळीसगावला जाऊन त्यांचं काम बघावं. टेबलावर जो उजेड आवरता येत नाही तो पलंगावर तर मुळीच आवरत नाही.

आता शृंगार म्हणजे काय, हे थोडक्यात. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं अंगावर आपोआप उमटण्याच्या खुणा, सांगितले. त्यांपैकी स्वेद आणि रोमांच हे दोन कॅमेऱ्याला नीट पकडता येतात: मानेवरचा घाम, दंडावर उभे राहिलेले केस. ओठ विलग करून डोळे अर्धवट मिटणं हा अभिनय झाला, तो कुणीही करतो आणि फोटोत तो खोटाही दिसतो. रोमांच ठरवून आणता येत नाही. म्हणून मला चेहऱ्यापेक्षा दंड, मानेची मागची बाजू, पाठीची पन्हळ आणि पायाचा घोटा जास्त बोलके वाटतात. जळगावाहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथल्या सतराव्या लेण्यात आरशात बघणारी जी स्त्री रंगवली आहे, ती जाऊन पाहा. तिचं सगळं लक्ष आरशात आहे, पाहणाऱ्याची तिला दखलही नाही. जिचं लक्ष स्वतःत आहे ती शृंगारिक दिसते. लेन्सकडे बघून हसणारी जाहिरातीतली वाटते.

खोली

गावाकडची जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं या कामासाठी फार चांगली. भिंती जाड, खिडक्या लहान, त्यामुळे उजेड एका बाजूनेच येतो आणि बाकी खोली काळोखी राहते. नव्या स्लॅबच्या घरात चारही बाजूंनी उजेड येतो आणि पांढऱ्या छतावरून तो पुन्हा खाली सांडतो. तिथे काळे पडदे लावण्यातच सकाळ जाते.

भिंतीचा रंग आधी पाहा. आपल्याकडे आतून पोपटी किंवा आकाशी ऑइलपेंट सर्रास असतो, आणि माणूस भिंतीपासून दीड-दोन फुटांवर असेल तर तो रंग सावलीतल्या त्वचेवर चढतो. पोपटी छटा गव्हाळ-सावळ्या त्वचेवर आजारी दिसते. कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंगतोल) बदलून ती जात नाही, कारण उजेडाची बाजू ठीक असते आणि सावलीचीच बिघडलेली असते. उपाय एकच, त्या भिंतीवर काळं किंवा पांढरं कापड टांगणे. काळं टांगलं तर सावली गडद होते, पांढरं टांगलं तर भरून निघते. ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की एकाच पाठीवर दोन रंग दिसतात.

मागच्या पडद्यासाठी काळं सुती कापड घेऊ नका. त्यावर उजेड पडला की ते तपकिरी-करडं दिसतं. काळी मखमल घ्या, तीन मीटर पुरते, आणि माणूस तिच्यापासून निदान सहा फूट पुढे बसवा.

ऋतूचा हिशेब वेगळा. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्या वेळी खिडकीतून थेट ऊन येत नाही, पण छताला झरोका असेल तर उन्हाचा खांब सरळ खाली उतरतो. उभ्या माणसावर तो वाईट पडतो, भुवयांखाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. आडव्या माणसावर मात्र तो बरगड्या, नितंबाचं हाड, गुडघा असे एकेक उंचवटे उचलून दाखवतो. डिसेंबरात उलट. दुपारचा सूर्य ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर आत येतं. हा पट्टा सरकत राहतो. खिडकीपासून दोन मीटरवर तो दहा मिनिटांत साधारण चार बोटं हलतो. खांद्याच्या हाडावर बसवलेला पट्टा माणसाने पाणी पिऊन येईपर्यंत मानेवर गेलेला असतो. म्हणून आधी जागा खडूने आखा, पट्टा तिथे पोहोचायच्या पाच मिनिटं आधी माणूस बसवा, आणि फोटो काढताना माणसाला हलवण्याऐवजी पट्टा येण्याची वाट पाहा.

मलमल

कापडाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

कोरी, न विरंजलेली मलमल घ्या, पाच मीटर. खळ जाईपर्यंत दोन-तीनदा साध्या पाण्यात धुवा. खळीचं कापड कोपऱ्यांत ताठ उभं राहतं, अंगावरून वाहत नाही. डिटर्जंटने धुवू नका, त्यातल्या पांढरेपणा आणणाऱ्या द्रव्यामुळे फ्लॅशखाली कापड निळसर चमकतं आणि शेजारची त्वचा मळकी वाटते.

कापड पारदर्शक असतं की अपारदर्शक, हे कापड ठरवत नाही, उजेड ठरवतो. समोरून उजेड पडला तर मलमल पांढरी भिंत होते. मागून पडला तर ती विरघळते आणि पलीकडचं दिसायला लागतं. मागचा उजेड पुढच्याच्या निदान आठपट असला पाहिजे, म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत तीन स्टॉप; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. पुढच्या बाजूला अर्धवट उघडं दार, पांढरा शर्ट, मोबाईलचा पडदा यांपैकी काहीही असलं तरी कापडावर धुकं येतं. फोटो काढणाऱ्याने काळे कपडे घालावेत.

आता नीट पाहा. मलमल दोरीवर ताणलेली, मागे तीन फूट बाय चार फुटांची खिडकी, आणि मधे माणूस. त्याने तळवा कापडाला टेकवला तर बोटांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या दिसतात. खांदा कापडापासून चार इंच मागे असेल तर त्याची कड मऊ होते, आणि फूटभर मागे असलेली कंबर नुसता करडा ढग राहते. म्हणजे एकाच फोटोत काय स्पष्ट आणि काय अस्पष्ट, हे लेन्सला हात न लावता कापडापासूनच्या अंतरावर ठरवता येतं. मला विचाराल तर फक्त पाच बोटं आणि कपाळाची रेघ कापडाला टेकलेली, बाकी सगळं मागे हटलेलं, यासारखा शृंगारिक फोटो उघड्या शरीरातून क्वचितच निघतो.

ओली मलमल हवी असेल तर कोमट पाणी फवारणीच्या बाटलीतून मारा, बादलीत बुडवलेलं कापड नको. बुडवलेलं कापड जड होऊन लोंबतं आणि त्याखाली हवेचे पांढरे फुगे राहतात. असे फुगे दिसलेच तर ते तळव्याने कडेकडे सारायला ज्याचं त्याला सांगा. एप्रिल-मेमध्ये ओलं कापड पाच मिनिटांत वाळायला लागतं, म्हणून चौकट आधी पक्की करून मगच फवारा.

त्वचा

घट्ट इलॅस्टिकचे वळ जायला तास-दीड तास सहज लागतो. ज्यांचा फोटो काढायचा त्यांना आदल्या दिवशीच सांगा, दोन तास आधीपासून सैल गाऊन किंवा लुंगी, मोजे नाहीत, घड्याळ नाही. बांगड्या आणि मंगळसूत्राच्या जागचा फिका पट्टा मात्र त्या दिवशी जात नाही. तो झाकायचा की ठेवायचा हे त्यांना विचारा. मी असतो तर ठेवला असता, तो पट्टा सुंदर दिसतो.

क्रम महत्त्वाचा आहे: आधी कापडाचे फोटो, मग तेलाचे. उलटं केलं तर मलमलीवर डाग पडतात आणि ते मागच्या उजेडात नकाशासारखे दिसतात. तेल खांद्यापाठीला मिळून एक चहाचा चमचा पुरे. चोळून झाल्यावर टिश्यूने टिपून घ्या. जास्त झालं की चकाकीचे नुसते पांढरे चट्टे उरतात आणि तिथले तपशील नंतर परत मिळत नाहीत. हिवाळ्यात धुळ्याकडे सकाळी खोबरेल गोठलेलं असतं, म्हणून तिळाचं किंवा बेबी ऑइल घ्या. पाण्याचे थेंब टिकायला हवे असतील तर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात. नुसतं पाणी ओघळून जातं.

खोली २६ ते २८ अंशांवर ठेवा. थंडीने आलेला काटा आणि स्पर्शाच्या चाहुलीने आलेला रोमांच त्वचेवर सारखेच दिसतात, पण थंडीत खांदे कानांकडे चढतात आणि ते लपत नाही. उन्हाळ्यात कूलर लावला तर कापड हलतं आणि अंग चिकट होतं, म्हणून शूटिंगच्या आधी तासभर लावून मग बंद करा. ४४-४५ अंशांच्या दिवसांत सकाळी साडेसहा ते नऊ हीच वेळ.

केळीच्या पानांचा मोह आपल्या भागात सगळ्यांना होतो. दोन गोष्टी लक्षात ठेवा. कोवळ्या पानातून आलेलं ऊन हिरवं असतं आणि त्वचा मृतवत करतं. पान उजेडाच्या वाटेत न ठेवता मागे किंवा पुढे ठेवा, नाहीतर फोटो कृष्णधवलच करा. आणि देठाचा चीक अंगाला व कापडाला लागला की कापडावरचा तपकिरी डाग कायमचा. पानं आदल्या संध्याकाळी कापून देठ खाली करून निथळत ठेवा आणि कापलेल्या टोकाला चिंधी बांधा.

कॅमेऱ्याचं फार नाही. हिवाळ्यातल्या उत्तरेच्या खिडकीपासून तीन फुटांवर आयएसओ (संवेदनशीलता) ४००, एफ (लेन्सचं छिद्र) ४, शटर १/१२५ सेकंद इथून सुरुवात करा. मोड मॅन्युअल. काळ्या पडद्यासमोर कॅमेरा आपोआप उजेड ठरवायला लागला की तो काळ्याला करडं करायला जातो आणि खांदा पांढराफटक होतो. उजेडाची मोजणी त्वचेच्या उजेडातल्या भागावर स्पॉटने, म्हणजे छोट्या ठिपक्यापुरती, करा. सावळ्या त्वचेवर आलेला आकडा जवळपास तसाच ठेवता येतो, गोऱ्या त्वचेवर एक स्टॉप उजळ करावा लागतो. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी लेन्स, साधारण आठ फुटांवरून. ३५ मिमीने जवळ गेलात तर पुढे आलेला पाय डोक्यापेक्षा मोठा होतो. ब्रिटिश छायाचित्रकार बिल ब्रँटने वाइड लेन्सने हेच मुद्दाम केलं आणि शरीराची शिल्पं बनवली, पण ते ठरवून केलेलं होतं. कृष्णधवल करताना लाल आणि केशरी वाहिनी उजळ केली की त्वचेवरचे डाग आणि लाली मावळते. निळी वाढवली की प्रत्येक पुटकुळी वर येते.

बोलणं

हात लावून बसण्याची ढब दुरुस्त करायची नाही. कधीच नाही. कपाळावरची बट बाजूला करायची असली तरी नाही. स्वतःच्या अंगावर करून दाखवा किंवा शब्दांत सांगा, "तुमचा डावा कोपर दोन इंच पुढे," डावा म्हणजे त्यांचा डावा. शरीराची तारीफ करू नका, रेषेबद्दल बोला: "मान तशीच राहू द्या, सावली छान पडली आहे." तळवा कॅमेऱ्याला दाखवला तर मोठा दिसतो, हाताची कड दाखवा. दंड अंगाला दाबला की पसरतो, दोन बोटांची फट ठेवली की कमरेची रेघ मोकळी होते. वजन मागच्या पायावर. श्वास पूर्ण सोडल्यावरचा क्षण टिपा, तेव्हा खांदे उतरलेले असतात. वीस मिनिटांनी थांबा, गाऊन द्या, पाणी द्या. माणूस अवघडलेला असेल तर पायाची बोटं आवळलेली असतात. चेहरा हसरा असला तरी बोटांकडे पाहा आणि तिथेच थांबा. त्यांना हवा तो माणूस खोलीत बसू द्या, मैत्रीण, नवरा, बायको, कुणीही.

कागद आणि कायदा

वय १८ पूर्ण, ओळखपत्र पाहून. संमती लेखी, मराठीत, आणि शूटिंगच्या निदान दोन दिवस आधी वाचायला दिलेली. त्यात सुटं सुटं लिहा: चेहरा दिसणार का, प्रदर्शनात लावणार का, इंटरनेटवर टाकणार का, किती वर्षं ठेवणार. एका "हो"मध्ये चार "हो" गुंडाळू नका. आपल्या गावांत माणूस चेहऱ्याशिवायही ओळखू येतो. मनगटावरचं गोंदण, मानेवरचा तीळ, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी. प्रत्येक फोटो या नजरेने तपासा.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार खटल्यात जुनी इंग्रजी कसोटी बाजूला ठेवली आणि नग्न चित्र आपोआप अश्लील ठरत नाही, ते समाजाच्या आजच्या मापाने आणि पूर्ण संदर्भात पाहावं लागतं, असं म्हटलं. म्हणून सगळी मोकळीक आहे असं नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ व ६७ अ लागू आहेतच. संमतीशिवाय कुणाचे खासगी अवयव टिपणं किंवा पाठवणं त्याच कायद्याच्या कलम ६६ ई खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद. आणखी एक, जे बरेच फोटोग्राफर विसरतात: कुणी पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा स्वामित्वहक्क त्या व्यक्तीचा असतो, तुमचा नाही. तुमच्या भिंतीवर लावायचा असेल तर ते कागदावर हवं.

फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. कॅमेऱ्याचं वायफाय आणि जीपीएस बंद. दोन डिस्क, दोन्ही पासवर्डने कुलूपबंद केलेल्या, एकही क्लाउडवर नाही. कार्ड नुसतं फॉरमॅट केल्याने फोटो जात नाहीत, ते साध्या सॉफ्टवेअरने परत येतात. पुसून झाल्यावर कार्ड इतर फोटोंनी एकदा पूर्ण भरून पुन्हा पुसा. कार्ड बिघडलं तर दुरुस्तीला देऊ नका, फोडून टाका.

छपाई बाहेरच्या लॅबमध्ये नको, तिथे चार नजरा पडतात. ए३ आकाराचा पिगमेंट इंकचा प्रिंटर आणि ३०० जीएसएमचा सुती कागद घरी ठेवा. मॅट कागदाचा काळा रंग स्क्रीनपेक्षा फिका असतो आणि सावलीतले बारीक फरक एकत्र चिकटतात. मॉनिटरचा उजेड ८० ते १०० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा, सावल्या थोड्या उचला, आणि आधी वीतभर पट्टी छापून ती खिडकीशी धरून पाहा. पावसाळ्यात कागद उघडा ठेवला तर कडा वळतात आणि प्रिंटरचं हेड घासतं, म्हणून डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

पहिली छपाई ज्याचं शरीर आहे त्याच्या हातात द्यायची, सुती हातमोज्यांसकट, आणि टेबलाच्या पलीकडे गप्प बसायचं. ते एखादा फोटो उलटा करून ठेवतील. का, ते विचारायचं नाही. त्यांच्यासमोरच दोन्ही डिस्क जोडून ती रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) काढून टाकायची, छापील प्रत त्यांच्याच हाताने फाडू द्यायची, आणि संमतीपत्रावर त्या फोटोचा क्रमांक खोडून दोघांनी सही करायची.